मिठाच्या खड्यात रेणू नसतो : आयन आणि आयनिक बंध समजून घेताना

आठवीच्या सामान्य विज्ञानात रासायनिक बंधाशी पहिली ओळख होते, नववीत संयुजा आणि मूलके येतात, दहावीत धातुविज्ञानाच्या प्रकरणात आयनिक संयुगे पुन्हा भेटतात आणि अकरावीत त्याच विषयाला ऊर्जेचे गणित जोडले जाते. तरीही या चारही टप्प्यांवर विद्यार्थ्यांच्या आणि त्यांना घरी शिकवणाऱ्या पालकांच्या शंका बहुतेक त्याच राहतात. इलेक्ट्रॉन गेला तर चिन्ह अधिक का होते? सोडिअमने ज्या क्लोरीनला इलेक्ट्रॉन दिला, त्याच्याशीच तो बांधलेला असतो का? मीठ पाण्यात विरघळले म्हणजे त्याचे विघटन झाले का? या साऱ्या प्रश्नांचे मूळ बहुधा पुस्तकातील एका आकृतीत असते. एका अणूकडून दुसऱ्या अणूकडे जाणारा इलेक्ट्रॉनचा बाण तिच्यात दाखवलेला असतो, तो बाणच लक्षात राहतो आणि बंध म्हणजे तो बाण अशी समजूत घट्ट होते. ही समजूत आधी दूर केली, तर पुढच्या अनेक नियमांचे पाठांतर करण्याची गरजच उरत नाही.

अधिक-उणे चिन्हाचा हिशेब

अणूच्या केंद्रकातील धनप्रभारित प्रोटॉन आणि केंद्रकाबाहेरील ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन यांची संख्या समान असल्यामुळे अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. रासायनिक अभिक्रियेत प्रोटॉनच्या संख्येला कधीच धक्का लागत नाही, बदलते ती फक्त इलेक्ट्रॉनची संख्या, आणि हा समतोल ढळल्यावर जो प्रभारित कण मिळतो त्याला आयन म्हणतात. चिन्हाबाबत संभ्रम झाला, तर प्रत्येक वेळी पुढील तीन पायऱ्यांनी जा.

१. मूलद्रव्याचा अणुअंक लिहा. तीच प्रोटॉनची संख्या.
२. आयनात प्रत्यक्ष उरलेले किंवा झालेले इलेक्ट्रॉन मोजा.
३. प्रोटॉनच्या संख्येतून इलेक्ट्रॉनची संख्या वजा करा. येणारे उत्तर चिन्हासह आयनावरील प्रभार असते.

सोडिअमचा अणुअंक ११ आहे आणि आयनात १० इलेक्ट्रॉन उरतात, म्हणून प्रभार +१. ऑक्सिजनचा अणुअंक ८ आहे आणि ऑक्साइड आयनात १० इलेक्ट्रॉन होतात, म्हणून प्रभार −२. अधिक चिन्ह म्हणजे काहीतरी मिळाले, असे मनात येणे स्वाभाविक आहे, परंतु येथे जे गेले तेच मुळात ऋण होते, हे या वजाबाकीत आपोआप दिसते. धनप्रभारित आयनाला कॅटायन आणि ऋणप्रभारित आयनाला ॲनायन म्हणतात. ही नावे मायकेल फॅरेडे यांनी १८३४ मध्ये विद्युत अपघटनाच्या अभ्यासातून रूढ केली, आणि आयन या ग्रीक शब्दाचा अर्थ जाणारा असा आहे, कारण विद्युतप्रवाह सुरू झाल्यावर हे कण विरुद्ध प्रभाराच्या टोकाकडे सरकू लागतात.

अणू आणि त्याचा आयन यांना एकच पदार्थ समजू नका. सोडिअम धातूचा पाण्याशी संबंध येताच तीव्र अभिक्रिया होते, म्हणून तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागतो. सोडिअम आयन मात्र आपल्या रक्तात आणि घामात सतत विरघळलेला असतो. दोघांमध्ये एका इलेक्ट्रॉनचा फरक आहे, आणि तेवढ्याने आकारही बदलतो : सोडिअम अणूची त्रिज्या १८६ पिकोमीटर, तर आयनाची १०२ पिकोमीटर. उलट क्लोरीनचा अणू ९९ पिकोमीटरचा असतो आणि क्लोराइड आयन १८१ पिकोमीटरपर्यंत फुगतो.

किती इलेक्ट्रॉन, हे कशावरून ठरवायचे?

प्रारंभिक अभ्यासक्रमापुरते हे बाह्यतम कवचातील इलेक्ट्रॉनवरून, म्हणजेच आवर्तसारणीतील गणावरून ठरते.

- गण १ (सोडिअम, पोटॅशिअम) : +१
- गण २ (मॅग्नेशिअम, कॅल्शिअम) : +२
- ॲल्युमिनिअम : +३
- गण १६ (ऑक्सिजन, सल्फर) : −२
- गण १७ (फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन) : −१

लोह, तांबे यांसारख्या संक्रमण धातूंना हा नियम लावू नका. त्यांचे एकाहून अधिक आयन असतात, म्हणून त्यांच्या नावातच प्रभार सांगितलेला असतो. फेरस म्हणजे +२ आणि फेरिक म्हणजे +३ ही जुनी पद्धत, तर धातूच्या नावापुढे कंसात रोमन अंक लिहिणे ही आजची पद्धत होय.

अष्टक, म्हणजे बाह्यतम कवचात आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण करण्यासाठी सोडिअमला इलेक्ट्रॉन द्यायचा असतो, हे वाक्य वर्गात सोयीचे असले तरी त्यावर विसंबू नका. अणूला इच्छा नसते, आणि सोडिअमच्या अणूपासून इलेक्ट्रॉन आपणहून सुटतही नाही; तो काढण्यासाठी प्रतिमोल ४९६ किलोजूल ऊर्जा खर्च करावी लागते. दुसरा इलेक्ट्रॉन काढायचा झाल्यास तो आतील कवचातला असल्यामुळे तब्बल ४,५६२ किलोजूल लागतात आणि हा खर्च नेहमीच्या अभिक्रियांमध्ये भरून निघत नाही, म्हणून सोडिअम +१ वर थांबतो. मॅग्नेशिअमचे पहिले दोन इलेक्ट्रॉन ७३८ आणि १,४५१ किलोजूलमध्ये निघतात, तर तिसऱ्यासाठी ७,७३३ लागतात, म्हणून तो +२ वर थांबतो. अष्टक हे या हिशेबाचे फलित आहे, कारण नव्हे.

बंध म्हणजे देवाणघेवाण नव्हे

हा या विषयाचा गाभा असल्यामुळे येथे घाई करू नका. २३ ग्रॅम सोडिअम आणि ३५.५ ग्रॅम क्लोरीन वायू यांपासून ५८.५ ग्रॅम मीठ तयार होते, असे समजून ऊर्जेचा जमाखर्च किलोजूलमध्ये मांडून पाहा.

- घन सोडिअमचे सुटे, वायुरूप अणू करणे : १०८ खर्च
- क्लोरीनच्या रेणूंचे सुटे अणू करणे : १२१ खर्च
- सोडिअमच्या अणूंतून एकेक इलेक्ट्रॉन काढणे : ४९६ खर्च
- क्लोरीनच्या अणूंनी तो स्वीकारणे : ३४९ जमा

येथे देवाणघेवाण पूर्ण झाली, दोन्ही बाजूंची अष्टके भरली, तरी हिशेबात ३७६ किलोजूलची तूटच आहे. बंधाचे श्रेय केवळ देवाणघेवाणीला द्यायचे म्हटले, तर मीठ कधी तयारच होऊ नये. ही तूट भरून निघते ती त्यानंतर, जेव्हा विरुद्ध प्रभाराचे आयन एकमेकांकडे खेचले जाऊन सर्व दिशांनी रचले जातात आणि ७८७ किलोजूल ऊर्जा बाहेर पडते. तिला जालक ऊर्जा म्हणतात. अखेरची शिल्लक ४११ किलोजूल. आयनिक बंध म्हणजे हे आकर्षण होय, आणि इलेक्ट्रॉनचे स्थलांतर ही त्याआधीची, आयन तयार होण्याची घटना होय.

हे मान्य करणे जड जात असेल, तर मिठागराचा विचार करा. उरणच्या किंवा गोव्यातील आगरवाड्याच्या मिठागरात खाडीचे पाणी आटवून मीठ काढले जाते, तेव्हा तेथे सोडिअमचा कोणताही अणू क्लोरीनला इलेक्ट्रॉन देत नाही. सोडिअम आयन खडकांच्या झिजेतून आणि क्लोराइड मुख्यतः ज्वालामुखींतून निघालेल्या वायूंमधून, फार पूर्वी आणि वेगवेगळ्या वाटांनी समुद्रात आलेले असतात. पाणी उडून जाते, आयन जवळ येतात आणि स्फटिक उभा राहतो. आपल्या जेवणातील मिठाच्या बंधात देवाणघेवाणीचा प्रसंग घडलेलाच नसतो, तरी बंध तितकाच पक्का असतो.

याच कारणाने, कोणता क्लोराइड कोणत्या सोडिअमचा, हा प्रश्न निरर्थक ठरतो. मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम आयन असतात, सहाही समान अंतरावर आणि समान ओढीचे, आणि ही मांडणी खड्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड चालते. त्यात एक सोडिअम आणि एक क्लोरीन अशी वेगळी काढता येईल अशी जोडी, म्हणजेच रेणू, सापडत नाही. विल्यम हेन्री ब्रॅग आणि लॉरेन्स ब्रॅग या पितापुत्रांच्या क्ष-किरणांच्या प्रयोगांतून १९१३ मध्ये ही रचना उघड झाली. हे चित्र स्वीकारणे जाणकारांनाही सोपे गेले नव्हते, ही गोष्ट विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी : हेन्री आर्मस्ट्राँग या ज्येष्ठ इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी १९२७ मध्येही ‘नेचर’ या नियतकालिकात पत्र लिहून, मिठात रेणू नसतात या कल्पनेला कडाडून विरोध केला होता.

अशी रचना लक्षात आली की आयनिक संयुगांचे गुणधर्म वेगळे पाठ करावे लागत नाहीत. आकर्षण सर्व दिशांनी असल्यामुळे ते मोडण्यास पुष्कळ उष्णता लागते आणि मिठाचा द्रवणांक ८०१ अंश सेल्सिअस असतो. मॅग्नेशिअम ऑक्साइडमध्ये दोन्ही आयनांवरील प्रभार दुप्पट असल्याने आणि आयनांमधील अंतरही कमी असल्याने तो सुमारे २,८५० अंशांपर्यंत जातो. खलबत्त्यात खडे मीठ कुटताना ते धातूप्रमाणे चपटे न होता फुटते, कारण ठोक्यामुळे एक थर किंचित सरकला की समान प्रभाराचे आयन समोरासमोर येऊन एकमेकांना दूर लोटतात.

सूत्र लिहिण्याच्या पायऱ्या

आयनिक संयुगाचे सूत्र म्हणजे आयनांचे सर्वांत साधे प्रमाण, आणि ते ठरवण्याचा निकष एकच : एकूण प्रभार शून्य आला पाहिजे.

१. धन आयन आधी आणि ऋण आयन नंतर लिहा, प्रत्येकाचा प्रभार त्याच्यावर नोंदवा.
२. प्रभारांच्या आकड्यांचा तिरकस गुणाकार करा, म्हणजे एकाचा आकडा दुसऱ्याच्या पायाशी न्या. चिन्ह नेऊ नका.
३. दोन्ही आकड्यांना सामाईक विभाजक असल्यास भाग द्या.
४. अणूंचा गट असलेले मूलक एकाहून अधिक वेळा येत असेल, तर ते कंसात ठेवा.
५. शेवटी अधिक आणि उणे प्रभारांची बेरीज करून शून्य येते ना, हे तपासा.

ॲल्युमिनिअम (+३) आणि ऑक्साइड (−२) यांचे प्रमाण दोनास तीन येते : +६ आणि −६. कॅल्शिअम ऑक्साइडमध्ये तिरकस गुणाकाराने दोनास दोन येते आणि भागल्यावर एकास एक उरते. अमोनिअम सल्फेटमध्ये अमोनिअमवर +१ आणि सल्फेटवर −२ प्रभार असल्याने दोन अमोनिअमना एक सल्फेट लागतो, आणि येथे कंस विसरला तर सूत्राचा अर्थच बदलतो. पाचवी पायरी वेळ वाचवण्यासाठी गाळली जाते, आणि सूत्रांतील बऱ्याच चुका नेमक्या तिथेच पकडता आल्या असत्या.

तिसऱ्या पायरीला दोन अपवाद ध्यानात ठेवा. सोडिअम पेरॉक्साइडमध्ये दोन ऑक्सिजन एकमेकांना जोडलेले असून त्या जोडीवर मिळून −२ प्रभार असतो, तसेच मर्क्युरस आयनात पाऱ्याचे दोन अणू जोडलेले असून त्यांच्यावर मिळून +२ प्रभार असतो; या संयुगांच्या सूत्रांतील आकडे भागून लहान केले, तर तो आयनच मोडतो.

जुन्या पुस्तकांत आणि प्रश्नपत्रिकांत मिठाचेही रेणुसूत्र विचारले जाते. अशा वेळी उत्तर लिहिताना अडून बसू नका, अपेक्षित सूत्र लिहा. मात्र ते आयनांचे प्रमाण सांगते, सुटा रेणू नव्हे, हे स्वतःशी पक्के ठेवा.

संयुग आयनिक आहे का, हे कसे ओळखावे?

धातू आणि अधातू असतील तर आयनिक, दोन्ही अधातू असतील तर सहसंयुज, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या भागीदारीने जोडलेले, हा नियम सुरुवातीला वापरण्यास हरकत नाही. तो कुठे फसतो, हे मात्र माहीत असले पाहिजे.

- अमोनिअम क्लोराइड (नवसागर) : यात एकही धातू नाही, तरी ते आयनिक आहे, कारण अमोनिअम हा आख्खा गटच धन आयन आहे. त्या गटाच्या आत नायट्रोजन आणि हायड्रोजन सहसंयुज बंधांनी जोडलेले असतात.
- निर्जल ॲल्युमिनिअम क्लोराइड : धातू आणि अधातू असूनही हे संयुग तापवल्यावर सहसंयुज संयुगासारखे वागते, कारण लहान आणि +३ प्रभाराचा ॲल्युमिनिअम आयन क्लोराइडचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो.
- हायड्रोजन क्लोराइड : वायुरूपात सहसंयुज रेणू, पण पाण्यात मिसळताच त्यापासून आयन बनतात.

शेतकरी कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठी सर्वांत जवळचे उदाहरण खताच्या गोणीत आहे. युरिया आणि अमोनिअम सल्फेट ही दोन्ही नत्र देणारी, पांढरी, पाण्यात सहज विरघळणारी खते आहेत. तरी युरिया रेणूंच्या रूपात विरघळतो आणि अमोनिअम सल्फेट आयनांच्या रूपात. पाण्यात विरघळते म्हणून आयनिक, हा निष्कर्ष म्हणूनच काढू नका. साखरही विरघळते, आणि उलट बेरिअम सल्फेट आयनिक असूनही पाण्यात जवळजवळ विरघळत नाही.

पाण्यात नेमके काय होते?

पाण्यामुळे मिठाचे आयन तयार होत नाहीत. ते खड्यात आधीपासूनच असतात आणि पाण्याचे रेणू त्यांना वेढून एकमेकांपासून अलग करतात. घन मिठातून वीज वाहत नाही, याचे कारण आयन नाहीत हे नसून ते जागेवर जखडलेले आहेत, हे आहे. मीठ वितळले किंवा विरघळले की ते हलू शकतात आणि वीज वाहते. यातील वहन आयनांच्या हालचालीने होते, धातूच्या तारेप्रमाणे सुट्या इलेक्ट्रॉननी नव्हे. संयुक्त मूलक मात्र पाण्यात अखंड राहते, म्हणून सल्फेटचे सल्फर आणि ऑक्सिजन असे तुकडे दाखवू नका.

आयनांचे काम डोळ्यांनी पाहायचे असेल, तर पावसाळ्यातील गढूळ पाण्यात तुरटी फिरवून पाहा. मातीचे सूक्ष्म कण सहसा ऋणप्रभारित असल्याने एकमेकांना दूर लोटत पाण्यात तरंगत राहतात. तुरटीतून आलेल्या +३ प्रभाराच्या ॲल्युमिनिअममुळे ते लोटणे थांबते, कण एकत्र येतात आणि गाळ तळाशी बसतो. पाणी निवळले म्हणजे निर्जंतुक झाले असे मात्र नव्हे. ते उकळूनच प्या.

वीजवहनाचा प्रयोग घरी करायचा असल्यास या मर्यादा पाळा :

- नऊ व्होल्टची बॅटरी आणि रोध जोडलेला लहान एलईडी दिवा एवढेच वापरा. घरातील वीजजोडणीला कोणत्याही परिस्थितीत हात लावू नका.
- मिठाच्या पाण्यातून प्रवाह गेला की थोडा क्लोरीन वायू सुटतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि काही सेकंदांत जोडणी काढा.
- आधी कोरडे मीठ, मग साखरेचे पाणी आणि शेवटी मिठाचे पाणी तपासा. शक्यतो ऊर्ध्वपातित पाणी घ्या, कारण नळाच्या पाण्यातही आयन असतात.

परीक्षेतील उत्तर आणि विद्यार्थ्याचा हक्क

इलेक्ट्रॉन-ठिपका आकृती काढताना आयनिक संयुगात दोन चिन्हांच्या मध्ये सामाईक जोडी दाखवू नका. प्रत्येक आयन स्वतंत्र चौकटी कंसात घ्या आणि प्रभार कंसाबाहेर लिहा. बंधाच्या व्याख्येत स्थिरविद्युत आकर्षणाचा उल्लेख हवाच. बरोबर लिहूनही गुण मिळाले नाहीत असे वाटल्यास, राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या निकालानंतर विहित मुदतीत शुल्क भरून गुणपडताळणीसाठी किंवा उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज करता येतो. पुनर्मूल्यांकन हवे असल्यास आधी छायाप्रत घेणे आवश्यक असते.

पाकिटावरची बेरीज तपासा

शिकलेले पक्के झाले का, हे पाहण्यासाठी ओआरएसचे, म्हणजेच जलसंजीवनीचे पाकीट घ्या. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २००२ च्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यासाठी सोडिअम क्लोराइड २.६ ग्रॅम, पोटॅशिअम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडिअम सायट्रेट २.९ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम असते. पाकिटावर वेगळे आकडे दिसले, तर ते किती पाण्यासाठी आहे हे आधी वाचा, आणि विरघळवतानाही सांगितले तेवढेच पाणी घ्या. कमी पाण्यात आयनांचे प्रमाण वाढते आणि ते लहान मुलांना अपायकारक ठरू शकते.

आता हे घटक पाण्यात गेल्यावर काय होते, ते मिलिमोलमध्ये, म्हणजे कणांच्या संख्येच्या मापात, लिहून काढा. मिठातून सुमारे ४५ सोडिअम आणि ४५ क्लोराइड, पोटॅशिअम क्लोराइडमधून २० पोटॅशिअम आणि २० क्लोराइड, ट्रायसोडिअम सायट्रेटमधून ३० सोडिअम आणि −३ प्रभाराचे १० सायट्रेट. ग्लुकोजचे ७५ मिलिमोल रेणू म्हणूनच राहतात आणि प्रभाराच्या बेरजेत येत नाहीत. धन बाजूला ७५ सोडिअम आणि २० पोटॅशिअम मिळून +९५ होतात; ऋण बाजूला ६५ क्लोराइडचे −६५ आणि १० सायट्रेटचे −३० मिळून −९५.